वेशीतला मलिदा

माझ्या बाबांच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती काढायला पटाशी लागायची. ते जन्माचे सुतार, त्यामुळे ही थट्टा त्यांना चालायची. आई म्हणायची, पटाशीनंही निघत नाही, उलट पटाशीचीच धार जाते. चीनमधल्या एका जुन्या शहराची वेस त्यांच्या डोक्यात बसली ती आम्ही लंडनजवळ इल्फर्डला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला. ती शेवटपर्यंत तिथून हलली नाही. त्यांच्याबरोबर जाऊन मीही ती वेस पाहिली आहे. पाहिली म्हणण्यासारखं तिथं काही नव्हतं, पण ते पुढे येईलच.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणत. एवढ्या एका सुट्टीवर आपण शेकडो वर्षं टिकलो, असं बाबा अभिमानानं सांगायचे. ते मुंबईच्या गोदीत कामाला होते. माझा नवरा आधी इंग्लंडला आला, मागून मी आले, आणि मी एकुलती एक म्हणून माझ्यामागून आई-बाबा आले. मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी मिळाली, बाबांना पूर्व लंडनमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात. इथली दारं बघून पहिले काही महिने ते नुसते हळहळत होते. "दारं कसली, पापड आहेत," म्हणायचे.

त्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा इंग्रज ज्यू लोकांच्या प्रार्थनेला गेलो. प्रार्थना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ बाबांजवळ आले. माणूस सज्जन होता, हे आधीच सांगते. बाबांच्या सावळ्या तोंडाकडे आणि आईच्या साडीकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही ज्यू? खरंच?" बाबा म्हणाले, खरंच. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही त्या चिनी लोकांसारखे. चीनमध्येही होते म्हणे आपले काही, एका तटबंदीच्या शहरात. आता कोणी उरलं नाही. बिचारे, मिसळून गेले." आणि त्यांनी बाबांपुढे बिस्किटांची बशी धरली.

घरी आल्यावर बाबा बूट काढता काढता म्हणाले, "उरले नाहीत हे ह्याला कोणी सांगितलं? आज सकाळपर्यंत ह्याला आपणसुद्धा ठाऊक नव्हतो."

तेव्हापासून दर गुरुवारी कामावरून सुटले की ते लायब्ररीत जायचे. त्यांचं इंग्रजी कामापुरतं, पण लायब्ररीतल्या बाईंच्या मागे लागून त्यांनी त्या शहराचं नाव शोधून काढलं, काइफेंग, आणि एक जाडजूड जुनं पुस्तक मिळवलं. त्यात शहराच्या वेशीचा फोटो होता. मला मुद्दाम बोलावून नेऊन त्यांनी तो दाखवला. उंच तट, मधे कमान, वर दुमजली मनोरा, कमानीतून बाहेर पडणाऱ्या ढकलगाड्या. उजव्या अंगाला एक माणूस भिंतीला टेकून थेट कॅमेऱ्याकडे बघत उभा होता.

"हा आपला आहे," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

"नाक बघ ना. तुझ्या काकाचं नाक आहे."

"बाबा, एवढ्याशा फोटोत त्याला नाक आहे की नाही तेच दिसत नाही!"

लायब्ररीतल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी मान लववून त्यांची माफी मागितली आणि पुन्हा त्या नाकाकडे बघत बसले.

त्याच पुस्तकात त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. त्या शहरातले शेजारीपाजारी त्या लोकांना शीर काढणारे म्हणत. जनावराच्या मांडीतली एक शीर काढून टाकल्याशिवाय ते मांस आमच्या धर्मात चालत नाही. शेजाऱ्यांना तेवढंच दिसलं, आणि तेवढ्यावरनं त्यांनी नाव पाडलं. बाबांचा आनंद गगनात मावेना. "आपण शनवार तेली, ते शीर काढणारे. बघ! लोकांना देव दिसत नाही, सवय दिसते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. माझा नवरा भाजीचा घास घेत म्हणायचा, "बाबा, तुमची सवय दिसतेय सगळ्यांना. लायब्ररीची." बाबा हसायचे. त्या दिवसांत आमच्या घरात हसणं पुष्कळ होतं, म्हणून मी हे लिहून ठेवते.

आता दहाचं सांगायला हवं. मेलेल्या माणसासाठी आमच्यात कद्दिश ही प्रार्थना म्हणतात, आणि त्यासाठी दहा पुरुष जमावे लागतात. नऊ असले तर नाही. नऊ पुरुष आणि एक मी, तरीही नाही.

आई गेली ती सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला, वीजकपातीच्या दिवसांत. तिच्यासाठी कद्दिश म्हणायला आमच्या पुढच्या खोलीत इतकी माणसं आली की जिन्यावर बसावं लागलं. स्लाऊहून आले, पार लंडनच्या पलीकडून आले. आमच्या लोकांची प्रार्थनेची चाल वेगळी आहे, मराठी घरांतच ऐकू येणारी, थोडी कीर्तनाच्या अंगानं जाणारी. मेणबत्त्यांच्या उजेडात ती चाल उठली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पोटभर रडले. आईला ऐकू गेली असेल तर तीच गेली असेल.

पुढे दर वर्षी आईच्या दिवसाला खोली मोकळी मोकळी होत गेली. एक कुटुंब इस्राएलला गेलं. दोन म्हातारे वारले. एकांचा मुलगा मिल्टन कीन्सला नवं घर मिळालं म्हणून वडिलांना घेऊन गेला, आणि तिथून त्यांना एकट्याला येणं जमेना. स्लाऊच्या पाहुण्यांना कारखान्यात कधी कुठली शिफ्ट पडेल त्याचा नेम राहिला नाही. कोणाचा कोणाशी तंटा नव्हता, कोणी धर्म सोडला नव्हता. नुसती माणसं इकडेतिकडे झाली.

एका वर्षी आम्ही नवावर अडलो. दहावे येतो म्हणाले होते. जेवण दोनदा गरम करून झालं. बाबा खिडकीचा पडदा बाजूला धरून उभे होते आणि मागे आठ पुरुष घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत बसले होते. शेवटी मी दारातून म्हटलं, "बाबा, मी उभी राहते ना दहावी. मी तिच्या पोटची आहे."

बाबा वळले. रागावले नाहीत. "तुला धरत नाहीत गं," एवढंच म्हणाले.

मला इतका संताप आला की मी आत जाऊन भांडी आपटली. एक्स्चेंजमध्ये मी अर्ध्या लंडनला एकमेकांशी जोडून देत होते, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसाठी, मी मोजणीत नव्हते. तो राग अजून गेलेला नाही. त्या दिवशी कद्दिश झालं नाही. लोक जेवून गेले. माझा नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी इंग्रजांच्यात करू, तिथं टेन काय, हंड्रेड मिळतील." बाबा म्हणाले, "त्यांची चाल तिला कळायची नाही."

भांडी आवरून झाली तरी बाबा पुढच्या खोलीत तसेच बसले होते. मी समोर बसले तेव्हा त्यांनी नवस बोलून दाखवला. आमच्यात नवस बोलतात तो नबीला, म्हणजे आमच्या एका जुन्या प्रेषिताला, आणि फेडतात तो मलिदा करून. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं आणि वर एक गुलाबाचं फूल. नबीची आळवणी म्हणायची आणि मग तो जमलेल्या सगळ्यांच्या हातावर द्यायचा. तो एकट्यानं खायचा नसतो. उजव्या हाताखाली डावा हात धरून घ्यायचा, आमेन म्हणायचं, मग तोंडात घालायचा. आमचं पोर बोलायच्या आधी हे शिकतं.

"त्या वेशीत जाईन," बाबा म्हणाले. "आपल्यातला एक जरी भेटला तरी तिथंच मलिदा करीन."

"एकानं काय होणार बाबा? तुम्हाला दहा लागतात."

"दहा आता व्हायचे नाहीत. ते मला कळलंय. पण हजार वर्षांनी, कोणी विचारत नसताना, तिथं एक जरी राहिला असेल, तर आपल्यातलाही एक राहील. तेवढं बघितलं की मी सुखानं डोळे मिटेन."

आणि तिथला तो एकही नसला तर, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हा चीननं परक्या लोकांना थोडं थोडं आत घ्यायला सुरुवात केली. लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर एका सहलीचा कागद लागला, त्यात काइफेंगचा एक दिवस होता. बाबांनी सत्तरी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते. नवरा म्हणाला, "अहो बाबा, तिथं तुम्हाला मोकळं सोडणार नाहीत. सगळं ग्रुपमध्ये. आणि ह्या एजला एवढा प्रवास?"

"ह्याच एजला. ह्यानंतरचं एज मला दाखवा."

माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. ती इल्फर्डलाच जन्मलेली, मराठी समजायची पण बोलताना अडखळायची. तिनं मला विचारलं, "मम, ग्रँडपा तिकडे कोणाला शोधतो आहे?"

"आपल्या लोकांना."

"बट मम, आपला लोक तर इथे पण नाही आहे."

मी तिला गप्प केलं आणि बाबांबरोबर माझंही नाव दिलं.

सहलीत आम्ही दोघं सोडून सगळे इंग्रज, बहुतेक निवृत्त शिक्षक. त्यांना बाबा फार आवडले. बाबा सगळीकडे खिडक्या-दारांना हात लावून लाकूड बघायचे. काइफेंगला जायच्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा बाबा हॉटेलच्या खोलीत थर्मासमधलं पाणी निववून पोहे भिजवत होते. पोहे, गूळ, सुकं खोबरं, वेलची आणि एक स्टीलचं ताट, सगळं इल्फर्डहून बॅगेच्या तळाशी आलं होतं. फळं आदल्या रात्रीच्या टेबलावरची. गुलाब मिळाला नव्हता, म्हणून हॉटेलच्या फुलदाणीतलं एक शेवंतीचं फूल त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

"बाबा, अजून कोणी भेटलेला नाही," मी म्हटलं. "नवस फेडतात. आगाऊ देत नाहीत."

"तो समोर उभा असला आणि त्याला सांगता येत नसलं तर? मलिदा बघून त्याचे हात सांगतील."

मी केळी सोलली.

आमच्याबरोबरची गाइड निळा कोट घातलेली, दोन वेण्यांची, विशीतली मुलगी होती. तिचं इंग्रजी माझ्या मुलीच्या मराठीपेक्षा पुष्कळ बरं होतं. शहर जवळ आलं तसा तट दिसायला लागला. तट म्हणजे मातीचा लांबच लांब उंचवटा, त्यावर वाळकं गवत, मधे मधे विटांचा पापुद्रा शिल्लक. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. बस थांबली आणि गाइड म्हणाली, "ही शहराची वेस."

आम्ही खाली उतरलो. बाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "कुठाय?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मी तेच इंग्रजीत विचारलं.

"इथं होती," गाइड म्हणाली.

एका बाजूला तट संपत होता, दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू होत होता, आणि मधून डांबरी रस्ता जात होता. त्यावरून सायकली जात होत्या, कोबी भरलेली एक हातगाडी जात होती. कमान नव्हती, मनोरा नव्हता, टेकायला भिंत नव्हती. गाइडनं समजावून सांगितलं की लढायांमध्ये बरीच पडझड झाली, मग रस्ता रुंद केला, विटा लोकांनी घरांना वापरल्या. त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. निवृत्त शिक्षकांनी त्या मोकळ्या जागेचे फोटो काढले.

बाबा रस्त्याच्या उजव्या कडेला गेले. घरात शिरताना आम्ही उजव्या चौकटीला हात लावतो आणि बोटं ओठांना लावतो. तिथं चौकट नव्हती, तर त्यांनी तटाच्या मातीलाच हात लावला आणि बोटं ओठांना लावली. थोडी माती ओठांवर राहिली. मला ती पुसावीशी वाटली, पण मी जवळ गेले नाही.

मग त्यांनी माझ्याकरवी गाइडला विचारलं, आमच्यासारखे लोक इथं राहायचे, शीर काढणारे म्हणत त्यांना, त्यांच्यातलं कोणी आहे का? मुलीनं विचार केला. "तसे वेगळे लोक इथं कोणी नाहीत," ती म्हणाली. "इथं सगळे एकच आहेत." ती हे कठोरपणानं म्हणाली नाही. शाळेत चांगलं शिकलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाली.

एव्हाना आमच्याभोवती गर्दी झाली होती. तिथं परक्या माणसाभोवती अशी गर्दी व्हायची, बोलायची नाही, नुसती बघत राहायची. बाबांनी तटाच्या पायथ्याशी रुमाल पसरला, त्यावर ताट ठेवलं, पोह्यांवर फळं मांडली, मधोमध शेवंती खोचली. डोक्याला टोपी होतीच. आणि त्या जाणाऱ्यायेणाऱ्या सायकलींच्या बाजूला उभं राहून त्यांनी नबीची आळवणी सुरू केली, आमच्या चालीत. त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, वर चढताना फाटायचा. जिथं आमेन म्हणायचं तिथं ते थांबायचे आणि गर्दीकडे बघायचे. मी आमेन म्हणायचे. माझ्याशिवाय कोणी म्हणालं नाही.

म्हणून झाल्यावर त्यांनी ताट उचललं. समोर एक म्हातारा उभा होता, बाबांच्याच वयाचा, काळ्या टोपीचा. बाबांनी मलिद्याची मूठ त्याच्यापुढे धरली. त्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले. उजव्याखाली डावा धरला, मान किंचित लववली, आणि मलिदा घेतला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी आईच्या हयातीतही कधी पाहिलं नव्हतं. "बघितलंस?" ते म्हणाले. "बघितलंस का हात?"

मी बघितलं होतं. इतकी वर्षं त्यांची थट्टा केली, आणि हा म्हातारा समोर उभा होता, त्याला नाकही चांगलं लांब होतं.

मग त्याच्या शेजारच्या बाईनं हात पुढे केले. दोन्ही. उजव्याखाली डावा. तिच्यामागच्या तरुणानंही तसेच केले. सायकल मांडीला टेकवून उभ्या असलेल्या पोस्टमननंही तसेच. जो पुढे येई तो दोन्ही हातांनी घेई आणि मान लववी. त्या देशात कोणी काही दिलं तर ते तसंच घ्यायचं असतं, सगळ्यांनी, सगळ्यांकडून. बाबा देत गेले. पाचव्या-सहाव्या हातानंतर त्यांना कळलं. मला त्यांच्या आधी कळलं होतं, पण मी सांगितलं नाही. त्यांचा हात थांबला नाही, फक्त त्यांनी हातांकडे बघायचं सोडलं.

कोणी खाल्लं मात्र नाही. सगळे मलिदा हातात धरून उभे राहिले, पुढे काय करायचं ते न कळल्यासारखे. गाइडनं हळू आवाजात दोन वाक्यं म्हटली. मग तिनं पिशवीतून एक वर्तमानपत्र काढून पसरलं, आणि एकेकानं पुढे येऊन आपल्या हातातला मलिदा त्यावर ठेवला. काळजीपूर्वक, एक शीतही खाली न सांडता. काळ्या टोपीच्या म्हाताऱ्यानंही ठेवला आणि बाबांना पुन्हा मान लववली. गाइडनं कागदाच्या घड्या घातल्या आणि ती पुडी दोन्ही हातांनी बाबांना दिली.

"ते तुमचे आभार मानतात," ती म्हणाली. "पण त्यांना अन्नाची गरज नाही."

"तिला सांग, हे दान नाही," बाबा म्हणाले. "सांग तिला."

मी सांगायला तोंड उघडलं. दिवसभर इंग्रजीत बोलून पोट भरणारी मी, मला तिथं एक धड वाक्य जमेना. हे दान नाही, हे अन्नही नाही, हे खाल्लंत तर तुम्ही आमचे होत नाही, पण तुम्ही आमचे असाल तर ते खाल, असलं काहीतरी मी बोलले. मुलीनं नम्रपणे ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं, आणि म्हणाली की ह्यानंतर भरतकामाच्या कारखान्याला जायचं आहे.

बसमध्ये बाबा पुडी मांडीवर घेऊन बसले. वाटलेला मलिदा परत घेण्याची आमच्यात रीतच नाही, त्यामुळे तो परत आला तर काय करायचं हेही कोणी सांगून ठेवलेलं नाही. टाकायचा तर नसतोच. कारखाना आला, गेला. बाबा बसमधून उतरले नाहीत, मीही नाही. कागद ओला होऊन फाटायला लागला तेव्हा त्यांनी पुडी उघडली आणि खायला सुरुवात केली. त्यात धूळ होती, इतक्या जणांच्या हातांची ऊब लागून पोहे चिकट झाले होते. मी माझे दोन्ही हात पुढे केले. त्यांनी थोडा दिला.

"आमेन," मी म्हटलं.

"तू तर आहेसच गं," ते म्हणाले, आणि खिडकीकडे वळून खात राहिले. ते मायेनं म्हणाले, हे मला कळत होतं. तरी लागलं, कारण मी असून भागत नव्हतं.

इल्फर्डला आल्यावर मुलीनं विचारलं, "ग्रँडपा, गेट कसा होती?" तर म्हणाले, "मोठी होती." गुरुवारची लायब्ररी बंद झाली. त्याच हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला आणि ते गेले. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. झालं होतंच. पण ते डोळे मिटताना सुखानं मिटले नाहीत, मी शेजारी होते.

त्यांच्यासाठी कद्दिश इंग्रजांच्यात झालं. दहा काय, पुष्कळ जण होते. मी वर बायकांच्या सज्ज्यात बसले होते. सगळं अगदी रीतसर झालं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात बाबांच्या ओळखीचा एकही सूर नव्हता.

वर्षाच्या दिवशी आमच्याकडे मोजायला कोणी येणार नव्हतं, म्हणून मी मोजण्याच्या भानगडीत पडले नाही. फक्त मलिदा केला. आता इल्फर्डमध्येच गुजराती दुकानात पोहे मिळायला लागले होते, खोबरं मात्र डब्यातलं जुनंच होतं. नवरा संध्याकाळच्या शिफ्टला जायचा होता, त्यानं घाईघाईत उभ्यानं घेतला आणि कोट चढवला. मग मी मुलीला हाक मारली. ती पुढच्या खोलीत अभ्यास करत होती, परीक्षा जवळ आली होती. मी ताट घेऊन तिच्यापाशी गेले आणि बाबांच्या चालीत मला येत होतं तेवढं म्हटलं. ती लिहायचं थांबवून ऐकत राहिली. मुलगी माझी गुणी आहे, उद्धट कधीच नव्हती.

मी मूठ पुढे केली. तिनं एक हात पुढे केला, डावा, कारण उजव्यात पेन होतं. मलिदा घेतला. जरा वेळ त्याच्याकडे बघितलं. मग तिनं वहीचा एक कोरा कागद फाडला, त्यावर तो ठेवला, चारी कोपरे नीट दुमडले आणि मला परत दिला.

"थँक यू मम," ती म्हणाली. "बट आय अ‍ॅम नॉट हंग्री. तू खा."

मी तिला रागावले नाही. कशाबद्दल रागवायचं ते मला सांगताच आलं नसतं, मराठीतही नाही. पुडी घेऊन मी स्वयंपाकघरात आले, ओट्यापाशी उभी राहिले आणि ती उघडली. तो एकट्यानं खायचा नसतो. मी खाल्ला. खोबरं खवट लागत होतं.